भिंतीतली माया

माझी मावशी चार फूट दहा इंच. तिचा नवरा सहा फूट दोन इंच. ही मापं मी अंदाजाने सांगत नाही. मावशी कपडे शिवते आणि तिच्या वहीत घरातल्या प्रत्येकाचं माप लिहिलेलं आहे, माझ्या वाढत्या कमरेसकट. काकांना सगळे लंबू म्हणायचे, म्हणून मी लंबूकाका म्हणायचे. दोघांचा एकत्र फोटो काढायचा झाला की फोटोवाला आधी मावशीसाठी स्टूल शोधायचा. काका म्हणायचे, "तिला कशाला चढवता? मलाच खाली बसवा."

काका मालट्रक चालवायचे. केबिनमधल्या सीटमागच्या फळीवर तीस वर्षं ते गुडघे पोटाशी घेऊन झोपले. घरी आल्यावरही सुटका नव्हती. मावशीच्या दुकानामागची भाड्याची खोली इतकी अरुंद की ते आडवे झाले की पाय दाराबाहेर जायचे, आणि दार लावायचं तर पाय आत घ्यावे लागायचे. खोल्या बदलल्या, पाच घरमालक झाले, पाय काही सरळ झाले नाहीत. स्वतःच्या घराकडून त्यांना एवढं एकच हवं होतं. खिडकी कुठे, रंग कुठला, सगळं मावशीने ठरवावं. "मला फक्त पाय लांब करून झोपू दे," ते म्हणायचे. "मेल्यावर सगळेच सरळ झोपतात. मला त्याच्या आधी झोपायचंय." मावशी "तोंड आवरा" म्हणायची आणि मशीन सुरू करायची.

काका निवृत्त झाले तेव्हा एकरकमी थोडे पैसे हातात आले. त्यात टायरच्या गोदामामागची जमिनीची एक चिंचोळी पट्टी मिळाली. ती दुसऱ्या कुणालाच नको होती म्हणून यांना परवडली. बांधकामाचे पैसे मावशीने कुठून आणले ते मला माहीत आहे, कारण त्यावरून मी तिच्याशी भांडले होते. तिने कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉकचं मशीन विकलं. त्या मशीनसाठी तिने सहा वर्षं जीव टाकला होता आणि आल्यावर त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. ते टेम्पोत चढत होतं तेव्हा ती एका गिऱ्हाइकाच्या पँटची झिप बसवत होती. तिने मान वर केली नाही.

"काहीतरी वाटू दे गं," मी म्हटलं.

"वाटून काय करू? सुई हलते मग."

ती अशीच. पहिल्या घरमालकाने बाहेर काढलं तेव्हा रडली होती म्हणे, आई सांगते. पाचव्यापर्यंत ते सगळं आटून गेलं होतं. भाडं वाढलं, काका अपघातातून थोडक्यात वाचले, दुकानात पाणी शिरलं, ही आपली खाली मान घालून शिवतेय. मला तिच्या या थंडपणाचा संताप यायचा. मी एका कार्यालयात कारकून आहे, तिथे दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात, आणि मला ते बरं वाटतं. निदान माणूस जिवंत आहे हे तरी कळतं.

नकाशा काढणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत हे तिने आधीच ठरवलं होतं. "घर म्हणजे काय, आत माणसं बसली पाहिजेत. ते मला येतं," ती म्हणाली. दुकान बंद करून तिने फरशीवर खाकी कागद पसरला, ज्याच्यावर ती कपड्यांचं कटिंग आखते तो, आणि काकांना त्याच्याशेजारी झोपवलं. टाळूपासून टाचेपर्यंत टेप लावला.

"कसला कोट शिवतेयस एवढा?" काकांनी विचारलं.

"हलू नका. श्वास सोडा."

मग गुडघ्यांवर बसून तिने फुटाला एक इंच धरून सगळं घर आखलं. एक खोली. एका टोकाला ओटा आणि मोरी, मध्ये दार, दारासमोर शिलाईचं मशीन, आणि दुसऱ्या टोकाला भिंतीपासून भिंतीपर्यंत आडवा फळ्यांचा पलंग. पलंग उभा टाकला तर दारच उघडत नव्हतं, म्हणून आडवा. खोलीची रुंदी म्हणजे काकांची उंची. आतली रेघ तिने निळ्या पेन्सिलीने मारली, बरोब्बर अंगाच्या मापाची. तिच्याबाहेर चारी बाजूंनी दुसरी रेघ मारली, पाऊण इंच सोडून, म्हणजे खरी नऊ इंच. ही माया. शिवणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. शिवणीच्या बाहेर जे जास्तीचं कापड राखतात ती माया. अंग सुटलं की शिवण उसवायची, माया मोकळी करायची, कपडा पुन्हा अंगात येतो. मावशी माया राखण्यात फार उदार होती. तिच्या हातचा कपडा दहा दहा वर्षं चालायचा आणि त्यामुळे तिचा धंदा मात्र बेताचाच चालायचा.

तो कागद गवंड्याकडे मी नेला. मावशीला सवड नव्हती, शाळा सुरू होणार होत्या आणि गणवेशांचे गठ्ठे छताला लागले होते. गवंडी शांत माणूस, कानामागे पेन्सिल. त्याने कागद उन्हात धरला, दोन रेघांमधलं अंतर बोटाने चाचपलं आणि विचारलं, "नऊ इंच का?"

"हो, नऊ इंच," मी म्हटलं. "कागदावर आहे तसंच करा."

एवढंच बोलणं झालं. कागद आला की शिक्का मारून पुढे सरकवायचा, ही माझ्या हाताची सवय. पुढचे दोन महिने मावशी मशीनवरून उठली नाही. आठवड्याला गवंड्याचे पैसे मीच पोचवायचे. भिंती वर येताना मी पाहिल्या. खोली मला लहान वाटली, पण बिनछपराची खोली लहानच दिसते असं गवंडी म्हणाला. मावशीला मी सांगितलं, छान होतंय.

गिलावा वाळल्यावर एका रविवारी सकाळी दोघं आली. पलंगाच्या फळ्या बसवून झाल्या होत्या. काकांनी चपला दाराशी काढल्या, कधी नव्हे तो शर्ट नीट खोचला, आणि आडवे झाले. डोकं भिंतीला लागलं. पाय भिंतीला लागले. आणि गुडघे, फार नाही, बोटभर वर राहिले.

"बसतंय की," काका छताकडे बघत म्हणाले. "मस्त बसतंय."

मावशीने गळ्यातला टेप काढला. सहा फूट एक इंच. तिने पुन्हा मोजलं. मग मोरीपासून पलंगापर्यंत मोजलं, तिथेही सगळं कमी. गवंडी बाहेर थापी धूत होता, त्याला तिने हाक मारली.

"दादा, माया कुठाय?"

"कोण माया?"

तिने खाकी कागद उलगडला आणि दोन रेघांवर बोट ठेवलं. गवंड्याने आधी कागदाकडे, मग भिंतीकडे पाहिलं. "ताई, दोन रेघा म्हणजे भिंत. नऊ इंचांची भिंत. आमच्यात दोन रेघा मारल्या की तिथे भिंतच उभी करतात."

"आमच्यात मध्ये मोकळं असतं," मावशी म्हणाली.

म्हणजे काकांना ऐसपैस हातपाय हलवायला ठेवलेली सगळी जागा विटांनी भरून गेली होती. उरलं होतं ते नुसतं अंगाचं माप, आणि त्यातलाही एक इंच गिलाव्याने खाल्ला होता. मी गवंड्यावर ओरडायला लागले. विचारायचं नाही का, डोळे फुटले होते का, असं बरंच काही. खरं म्हणजे त्याने विचारलं होतं. मलाच विचारलं होतं.

"ओरडू नकोस," मावशी म्हणाली. "त्याने कागदाप्रमाणेच केलंय." ती सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर बसली. चेहरा कोरा. भिंत पाडून नवी बांधायला पैसे नव्हते आणि विकायला दुसरं मशीनही नव्हतं, होतं ते पोटाचं. काका एव्हाना उठून बसले होते आणि मला सांगत होते की गुडघे वाकवून झोपणं पाठीला चांगलं असतं. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

तीन दिवस मावशीने गणवेश शिवले. मला वाटलं, संपलं, हेही तिने गिळलं. चौथ्या दिवशी दुपारी तिने दुकानाला कुलूप घातलं, एकटीच बस धरून गेली आणि गवंड्याला घरून बोलावून आणलं. मी पोचले तेव्हा ती पलंगावर पाय दुमडून बसली होती आणि पायाकडच्या भिंतीवर शिलाईच्या खडूने एक चौकट आखत होती. दोन फूट रुंद, फूटभर उंच.

"माया भिंतीत गेलीय ना?" ती गवंड्याला म्हणाली. "मग भिंतीतूनच काढा."

"भिंत कमजोर होईल, ताई."

"वर एक फरशी टाका. अर्धी वीट काढा, अर्धी राहू द्या. उसवताना सगळं नाही उसवायचं."

गवंड्याने छिन्नी घेतली. संध्याकाळपर्यंत पायाशी साडेचार इंच खोल कोनाडा झाला. तो त्याने आतून इतका गुळगुळीत केला की मी हात फिरवून पाहिला. पैसे घेतले नाहीत. मावशीने त्याला पुढे एक पँट शिवून दिली, तिच्यात आणखी एक गवंडी मावेल एवढी माया सोडून.

काका पुन्हा आडवे झाले. टाचा कोनाड्यात गेल्या, गुडघे खाली बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी पायाची बोटं हलवून पाहिली.

"घोरू नका आता," मावशी म्हणाली.

नंतर येणाऱ्याजाणाऱ्याला काका सांगायचे, "आमचं दोन खोल्यांचं घर आहे. एक माझी, एक पायांची." असे ते अकरा महिने झोपले. बाराव्या महिन्यात एके सकाळी बसथांब्यावर बसल्या बसल्या गेले. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

मावशी रडली नाही. आठव्या दिवशी तिने मशीनचं झाकण काढलं. नातेवाइकांनी नावं ठेवली. मीही मनातल्या मनात ठेवली, खोटं कशाला सांगू. एकदा न राहवून मी तिला विचारलंच.

"काही वाटतच नाही गं," ती म्हणाली. "हात बधिर होतो ना, तसं. कात्री धरता येते, पण धरलीय हे कळत नाही." आणि दोरा दाताने तोडला.

गवंडी येऊन विचारून गेला, कोनाडा बुजवून देऊ का. आई म्हणाली, दोऱ्याची रिळं ठेव त्यात, मशीनवर किती पसारा असतो. मावशी प्रत्येकाला "राहू दे" म्हणाली. कोनाडा रिकामाच राहिला. एवढ्याशा घरात एवढी जागा वाया जाते याचाही मला राग आला. मला कशाचाही येतो.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी माझी पँट घेऊन तिच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी पलंगावर झोपली होती. उशी भिंतीशी, काकांची असायची तिथेच, आणि तिच्यावर कुणी नाही. मावशीचं डोकं उशीच्या वीतभर खाली, नुसत्या फळीवर होतं. तिचे पाय तिथवर पुरत नाहीत, म्हणून ती आख्खी खाली सरकली होती. दोन्ही तळवे कोनाड्यात, आतल्या भिंतीला घट्ट टेकवलेले.

मी उंबऱ्यावर बसून रडले, तोंडात ओढणी धरून, तिला जाग येऊ नये म्हणून. मग पँट उलटी करून कमरेची शिवण उसवायला घेतली. आत दोन्ही बाजूंना दोन दोन बोटं माया होती.

थोड्या वेळाने ती उठली. मला पाहून तिने आधी पाय बाहेर घेतले, उशी ठाकठीक केली, मग चष्मा शोधला.

"किती सैल करायचीय?" तिने विचारलं.

"एक इंच," मी म्हटलं.