काल काय बदललं?

वडाळ्याच्या आमच्या छपाई कारखान्यात मशिनं एकमेकांशी बोलेनाशी झाली की भोईवाड्यातून ते येतात. नाव कधी कुणी विचारलं नाही. आम्ही त्यांना स्विचवाले म्हणतो. लॅपटॉप उघडायच्या आधी ते पॅनेलसमोर हात मागे बांधून उभे राहतात आणि सगळ्या मशिनांच्या वायरी जिथे येऊन मिळतात त्या नेटवर्कच्या स्विचवरचे हिरवे दिवे नुसते बघत राहतात. मग एकच प्रश्न असतो: "काल काय बदललं?"

"काय नाय," आम्ही सगळे एका सुरात सांगतो. ते मान डोलावतात, जणू हेच ऐकायला आले होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं कामच ठप्प झालं. स्विचवाले आले, मालक त्यांच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते.

"सगळे एकदम ओरडतायत, ऐकणारं कोणी नाय," स्विचवाले पुटपुटले. स्विचमधली नोंद लॅपटॉपवर वाचून ते खाली वाकले. एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचलेली होती, म्हणजे एकच निरोप गोल गोल फिरत होता, आणि एका टोकावर कुंकवाचं बोट उमटलं होतं.

दसऱ्याची मशिनांची पूजा मीच केली होती. लोंबणारी वायर बरी दिसत नाही म्हणून कुंकवाच्याच हाताने ती मोकळ्या सॉकेटात खोचली होती.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ते टोक उपसलं, रुमालाने कुंकू पुसलं.

"वायर सैल होती," ते मालकांना म्हणाले.

मला का वाचवलं, ते अजून कळलेलं नाही. आजही तोच प्रश्न विचारतात, माझ्याकडे न बघता. आणि काल कशाकशाला हात लावला ते सगळ्यांच्या आधी मीच सांगायला लागतो.