सहा डिग्रीच्या पाण्यातली बोटं

किस्से टाकीतल्या गाळासारखे साचतात. वरून पाणी नितळ दिसते आणि काठावर उभा असलेला माणूस 'इथे काहीच नाही' असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. कोणी तळाशी उतरला, की गुडघाभर निघतात! मीही मोशीला गेलो होतो ते वेगळ्याच कामासाठी. इंद्रायणीच्या डोहांत राहणाऱ्या साती आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या सात बायांच्या, कथा जुन्या माणसांकडून टिपून घ्यायच्या होत्या. पारावरच्या एका आजोबांनी मला थेट अन्वरभाईंच्या शेडकडे पिटाळले. "त्यो रोज पाण्याखाली जातो. त्यालाच इचारा की!"

अन्वरभाई मूळचे कॉम्प्रेसर मेकॅनिक. आता ते पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांच्या पाण्यात उतरतात, गाळ काढतात, व्हॉल्व्ह बदलतात. मी वही उघडून गंभीरपणे विचारले, "तुम्हाला कधी आसरा दिसल्या का?"

"सात बाया नाही दिसल्या, सर," ते म्हणाले. "सात साहेब मात्र भेटले. सगळे काठावर!"

माझा मूळ विषय तिथेच बुडाला.

*

तुम्ही म्हणाल, या उन्हाच्या मुलखात थंड पाणी कुठले? तर कारखान्यात यंत्रे गार ठेवायला पाणी थंड करून साठवतात. ज्या टाकीचे हे किस्से आहेत ती दोन मजले उंच आहे आणि तिच्यातले पाणी ऐन मे महिन्यातही सहा डिग्रीवर असते. ती रिकामी करून भरायची म्हटले तर काही दिवस उत्पादन बंद. म्हणून माणूस उतरवतात. तळाशी अंधार, वर उठलेला गाळ. नटबोल्ट बोटांनी चाचपूनच उघडायचे. हातमोजा जाड घातला तर बोल्ट कळत नाही, पातळ घातला तर थोड्या वेळाने बोटेच कळत नाहीत! अन्वरभाईंच्या धंद्याचे सारे शास्त्र आणि सारा विनोद या एका पेचाभोवती फिरतो.

यावरची कसोटी दत्तोबांची. दत्तोबा चाकणकडच्या एका गावचे. वर उभे राहून पाणबुड्याच्या कमरेचा दोर सांभाळणे हे त्यांचे काम. त्यांच्या खिशात भुईमुगाच्या शेंगा असतात. पाण्यातून माणूस वर आला, की ते त्याच्या हातावर एक शेंग ठेवतात. बोटांनी फोडून दाणा अख्खा काढला तर पुन्हा उतरायची परवानगी. दातांनी फोडली, की त्या दिवसाचे काम संपले. या कसोटीला अपील नाही!

एका रविवारी हिंजवडीतल्या आयटी कंपनीतले एक हौशी पाणबुडे शेडवर सिलिंडर भरायला आले. परदेशी थंड समुद्रात उतरून आलेले. बॅटरीवर तापणारे हातमोजे जवळ. रक्ताभिसरण या विषयावर त्यांनी अर्धा तास प्रवचन दिले. मग त्यांना बर्फाच्या बादलीतून प्रात्यक्षिक दाखवण्याची हुक्की आली. मोजे घालून हात बुडवले, बॅटरी गेली! दत्तोबांनी निर्विकारपणे शेंग पुढे केली. साहेबांनी ती दोनदा खाली पाडली आणि म्हणाले, "अॅक्च्युअली, मी शेंगदाणे खात नाही. डाएटवर आहे."

"असू द्या," दत्तोबा म्हणाले. "आमी तुमाला खायाला कुठं सांगितलं?"

*

कारखान्याने हात उबदार ठेवण्यासाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अन्वरभाईंनी पाण्याखाली वापरायच्या गरम हातमोज्यांची मागणी केली. ती तीन टेबलांवरून गेली आणि प्रत्येक टेबलावर तिच्यातला एकेक शब्द गळून पडला. लोककथा तोंडोतोंडी फिरताना तिच्यात भर पडत जाते. अर्जाचे उलटे असते. शेवटी स्टोअरमधून एक मोठे खोके आले. त्यात भट्टीवरच्या कामगारांचे, कोपरापर्यंत येणारे चामड्याचे मोजे होते!

लातूरकडचा प्रकाश, या चमूतला तरुण पाणबुड्या, ते घालून उतरला. मोज्यांत पाणी शिरले आणि तो दोन भरल्या बादल्या घेतल्यासारखा सरळ तळाला गेला. दत्तोबांनी ओढून वर काढल्यावर त्याचे पहिले वाक्य होते, "भाई, पाण्याला आग लागली तर बगा, हे लई कामाचे हायेत!"

*

पाणबुड्यांची एक साधी युक्ती आहे. उतरण्याआधी मोज्यांत कोमट पाणी ओतायचे. ते हाताभोवती राहते आणि टाकीतले गार पाणी लवकर आत शिरत नाही. एकदा त्यांचा थर्मास शेडवरच राहिला. कँटीनचा गिझर बंद. गरम असे एकच द्रव्य त्या आवारात मिळत होते, मशीनचा चहा. प्रकाशने दोन्ही मोजे चहाने भरले आणि उतरला. काम उत्तम झाले.

पुढच्या आठवड्यात टाकीच्या पाण्याचा तपासणी अहवाल आला. पाण्यात साखर! आणि दुधाचा अंश! कारखान्यात हाहाकार. बैठक बसली, फळ्यावर कारणे मांडायला माशाचा सांगाडा काढला गेला, प्रत्येक काट्यावर एकेक संशयित. 'का?' हा प्रश्न पाच वेळा विचारण्याची तिथली शास्त्रशुद्ध पद्धत. ती दोन दिवस चालली. निष्कर्ष निघाला की पाइप गंजला असावा. गंजातून साखर कशी येते, हा सहावा 'का' नियमात बसत नव्हता.

दत्तोबा त्या बैठकीच्या दारातच बसले होते. हे ऐकून मी त्यांना म्हटले, "तुम्ही का सांगितले नाहीत?"

"इचारलं न्हाई कुणी," ते म्हणाले. "आन प्रकाशनं दोन कप जास्तीचे घेतले म्हणून कँटीनवाला आधीच वरडला व्हता."

*

पुढचा किस्सा सांगताना अन्वरभाई हसत नाहीत. म्हणून मीही तो थोडक्यात सांगतो.

दत्तोबांचे एक सूत्र आहे: "हात आधी गार पडत न्हाईत. डोकं आन छाती गार पडती. हात नुसतं कळवत्यात." आधुनिक शरीरशास्त्र याहून फार निराळे सांगत नाही. म्हणून पाणबुड्या डोक्यावर जाड रबरी टोपी चढवतो. नव्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी ती पाहिली आणि विचारले, "हेल्मेट कुठे आहे?"

"सर, पाण्यात डोक्यावर काय पडणार?"

"आवारात हेल्मेट सक्तीचे आहे. टाकी आवारात आहे."

तर्कदृष्ट्या विधान निर्दोष होते! टोपीवर हेल्मेट बसेना, म्हणून टोपी काढावी लागली. अन्वरभाई पिवळे हेल्मेट घालून उतरले. दोन मिनिटांत हेल्मेट एकटेच वर आले आणि तरंगत राहिले. अधिकाऱ्यांनी त्याचा फोटो काढून अहवालाला जोडला: 'नियमाचे पालन झाले.'

अन्वरभाई उघड्या डोक्याने काम पुरे करून वर आले तेव्हा उजव्या हाताची दोन बोटे पांढरीफटक होती. शेंग हातात धरवेना. आठवडाभराने बोटांत जीव आला, तोही अर्धाच. डॉक्टरांनी बजावले, "पुन्हा इतक्या गार पाण्यात गेलात तर ही बोटे परत येतीलच असे मी सांगणार नाही." अंधारात बोल्टाचा आटा बोटाच्या टोकाने वाचणाऱ्या माणसाला हे सांगणे म्हणजे काय, हे अन्वरभाईंच्या बायकोने मला सांगितले: "तेव्हापासून रोज सकाळी शर्टाची बटणं लावतात, काढतात, परत लावतात. मोजत बसतात किती लागली."

*

वर्षभराने त्याच टाकीचे काम निघाले. तळाचा तो व्हॉल्व्ह अन्वरभाईंशिवाय कोणाच्या हाताला वश नव्हता. त्यांनी एकच अट घातली. शनिवारी संध्याकाळी पाणी थंड करणारे यंत्र बंद करायचे आणि कारखान्यातल्या यंत्रांतून परत येणारे गरम पाणी टाकीत सोडायचे, म्हणजे रविवारी दुपारपर्यंत पाणी पंधरा डिग्रीवर येईल. परवानगीच्या कागदावर प्लांट मॅनेजरची सही हवी होती. साहेब स्वतः टाकीवर आले. सोबत चार ज्युनिअर. यंत्राच्या ऑपरेटरची शिफ्ट सुटायला पाचच मिनिटे होती आणि तो कागदाची वाट पाहत उभा होता.

"सहा काय आणि पंधरा काय," साहेब म्हणाले. "थंडी मनात असते हो! मी हिमालयात ट्रेक केलाय."

अन्वरभाईंनी टाकीचे झाकण बाजूला सरकवले. पाणी काठापर्यंत होते. "साहेब, तुम्ही बोला. फक्त हात आत ठेवून बोला."

चार ज्युनिअर पाहत होते. साहेबांनी बाही दुमडली आणि उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत आत घातला. पहिल्या मिनिटात ते उत्पादनाच्या लक्ष्याविषयी बोलले. दुसऱ्या मिनिटात जिद्दीविषयी, मात्र जरा भरभर. तिसऱ्या मिनिटाचे वाक्य अर्धेच सुटले. शेवटी हात बाहेर काढून म्हणाले, "द्या तो कागद."

पेन बोटांत उभे राहीना. एकदा पडले. दुसऱ्यांदा कागदावर एक तिरकी रेघ ओढून पडले. ज्युनिअर छताचे निरीक्षण करू लागले. ऑपरेटरने घड्याळ पाहिले.

दत्तोबा ऑपरेटरच्या टेबलावरचे शाईचे पॅड घेऊन आले आणि दोन्ही हातांनी पुढे धरले. "अंगठा द्या, सायेब. चालतंय."

साहेबांनी एकदा चौघांकडे पाहिले आणि अंगठा उमटवला. दत्तोबांनी शाईवर फुंकर मारली, कागद ऑपरेटरच्या हाती दिला, यंत्र बंद पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबले आणि मग म्हणाले:

"ह्या टाकीखालचं रान आमच्या आज्यानं असाच अंगठा उठवून दिल्यालं, सायेब. त्याचा हात मातूर गार न्हवता."