भूतकाकांची शेवटची गोष्ट

अख्ख्या महाराष्ट्राला घाबरवणारे आमचे भूतकाका लिफ्टमध्ये एकटे चढत नसत. घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत ते चौथ्या मजल्यावर राहायचे, मी तिसऱ्या. खाली लिफ्टच्या दारापाशी पिशवी धरून ते सोबतीची वाट बघत उभे असायचे. "आलीस? चल बाई, कधीचा ताटकळलोय," म्हणत माझ्या मागून आत शिरायचे. पालीला घाबरायचे, बंद घराला घाबरायचे. आणि दर दिवाळी अंकात त्यांची भयकथा आली, की माझी आई बाथरूमचा दिवा चालू ठेवून झोपायची. भूतकाका हे नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलेलं. ते त्यांना मनापासून आवडायचं.

त्यांचं अक्षर भयंकर होतं, त्यामुळे गोष्टी टाईप करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. "काका, सुचतं कसं हो हे?" असं मी एकदा विचारलं. त्यांनी मला खिडकीशी नेलं. समोरची इमारत रिडेव्हलपमेंटसाठी रिकामी झाली होती, दारं-खिडक्यासुद्धा काढून नेल्या होत्या. एका गॅलरीत मात्र दोरीवर टॉवेल वाळत होता. "भूत दाखवलंस की गोष्ट मेली," ते म्हणाले. "टॉवेल दाखवायचा. आणि दुसऱ्या दिवशी तो ओला आहे एवढंच सांगायचं." त्या इमारतीकडे मी पुढे कित्येक दिवस बघितलं नाही.

पण त्यांची खरी परीक्षा व्हायची स्वयंपाकघरात. कुंदाकाकू, म्हणजे त्यांची बायको, भाजी निवडायला बसल्या की काका समोर पाट घेऊन सकाळी लिहिलेलं वाचायला लागत. काकू मान वर करत नसत. पण एखाद्या वाक्याला त्यांचा हात थांबे. तिथे काका पेन्सिलीने खूण करायचे आणि पुढे जायचे. हात चालू राहिला तर पानच्या पान बाद. "कुंदाचा हात थांबला नाही, तर वाचकाचा श्वास काय थांबणार?" असं म्हणायचे. काकूंनी एकाही गोष्टीला कधी छान म्हटल्याचं मला आठवत नाही.

मग काकू विसरायला लागल्या. आधी गॅस, मग वार, मग मजला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं, की हा मागे फिरत नाही. मुंबईत सगळा संसार केलेल्या काकूंच्या तोंडी पुन्हा लहानपणची मालवणी आली. एका सकाळी काका चहा घेऊन गेले, तर त्या भिंतीला टेकून ओरडल्या, "ह्यो माणूस कोण? हेका भायर घाला!" मी धावत वर गेले तेव्हा काका कप धरून दारात उभे होते आणि चहा त्यांच्या पायावर सांडत होता.

त्यानंतर त्यांचं लिहिणं बंद पडलं. संपादकांचे फोन यायचे, काका "बघतो" म्हणायचे. नवीन पेन आणलं, बागेतल्या बाकावर बसून पाहिलं, मोबाईलवर भुताच्या मालिका पाहिल्या आणि फक्त डोळे दुखवून घेतले. मी म्हटलं, काका, मला वाचून दाखवा. त्यांनी दोन पानं वाचली, मी योग्य त्या ठिकाणी दचकले. "राहू दे गं," ते म्हणाले, "तू शहाण्या माणसासारखी घाबरतेस." मग पानांची घडी घालत म्हणाले, "घरात एक माणूस दिवसभर खरंखुरं घाबरतंय. मी कुणाला मुद्दाम घाबरवायला बसू?"

दुसरी दिवाळीही अशीच कोरी जाणार असं वाटत असताना एक दिवस ते कागदांची चळत घेऊन माझ्याकडे आले. मी टाईप करायला बसले. गोष्टीत भूत नव्हतं. एक बाई सकाळी उठते, तर उशाशी एक अनोळखी म्हातारा चहा घेऊन उभा. मी तुझा नवरा, म्हणतो. त्याला तिचं माहेरचं नाव माहीत आहे, तिच्या बांगड्या कुठल्या डब्यात आहेत तेही माहीत आहे. बाहेर जाताना तो दाराला कुलूप लावतो. ती शेजाऱ्यांना हाका मारते, तर शेजारी हसून सांगतात, अहो, तेच तुमचे मिस्टर.

त्या शेजाऱ्यांत मीही होते. "काका, हे..." मी म्हटलं. "जमलीय ना?" काकांचे डोळे चमकत होते. "झकास जमलीय! काही सुचावंच लागलं नाही गं. ती जशी बघते तेवढंच लिहिलं." त्यांचा तो आनंद मला बघवेना, आणि तो हिरावून घ्यायची हिंमतही होईना.

छापील पानं द्यायला वर गेले, तर काकांनी जुन्या सवयीने पाट मांडला. काकूंपुढे गवारीच्या शेंगा होत्या. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिल्याच परिच्छेदाला काकूंचा हात थांबला आणि परत हललाच नाही. काका खुशीत, भरभर वाचत सुटले. वाचून झालं तेव्हा काकू माझ्याकडे वळल्या आणि माझं मनगट घट्ट धरून हळू आवाजात म्हणाल्या, "गो, त्या बायेक सोडवक कोणच येवचो नाय?"

काकांनी कागद खाली ठेवले. "येतलो, कुंदा, कोण तरी येतलो," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मालवणी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. "कोण येतलो?" काकूंनी विचारलं.

त्याच आठवड्यात काकूंची धाकटी बहीण डोंबिवलीहून राहायला आली आणि काकांनी चेंबूरला भाड्याने खोली घेतली. माझी आई त्यांना नाही नाही ते बोलली, आजारी बायकोला टाकून गेला म्हणाली. त्यांनी ऐकून घेतलं. गोष्टीचा शेवट मात्र त्यांनी बदलला: म्हातारा एका सकाळी चपला घालतो, किल्ली बाईच्या हातात देतो आणि जिना उतरतो. गोष्ट छापून आली. संपादक मला फोनवर म्हणाले, "गोष्ट भारीच, पण शेवटी पडली. वाचक तेच म्हणतायत." मी फोन आपटला.

चेंबूरला गेले की काका एकच विचारायचे, "मला विचारलं का तिनं?" खोटं बोलण्यात मी सराईत आहे, पण तिथे जमत नसे. काकू शांत झोपायला लागल्या होत्या, जेवत होत्या, अंगाने भरल्या होत्या. काकांचं नाव त्यांनी एकदाही काढलं नव्हतं. "नाही हो काका," मी म्हणायचे. "मग शेवट बरोबर आहे," ते म्हणायचे आणि चहा टाकायला उठायचे. त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिली नाही.

यंदा होळीच्या सुमारास ते त्याच खोलीत वारले. काकूंना सांगावं की नाही यावर त्यांच्या बहिणीचं आणि माझं दोन दिवस चाललं होतं. शेवटी मीच त्यांच्यासमोर जाऊन बसले. त्यांची नुकतीच वेणी घातलेली होती, चेहरा प्रसन्न होता.

"काकू, काका गेले."

"अरे देवा. कोणाचे गो?"

"माझे," मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना. काकूंनी मला जवळ ओढलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत त्या किती तरी वेळ माझी समजूत घालत राहिल्या.