पेन्सिलीची टकटक

दोन चादरी दोरीवर गेल्या होत्या, तिसरी अजून यंत्रातच होती. धुणं संपल्याचं सांगत कपड्यांचं यंत्र पिंऽ पिंऽ करून थकलं, आणि त्याच्यापासून चार हातांवर बसलेले कानसेन टपालाने आलेला खोका उघडण्यात गर्क होते.

"अहो, ऐकलंत का, यंत्र केव्हाचं ओरडतंय," त्यांची बायको, सगळ्यांच्या वहिनी, दोरीपासून म्हणाल्या.

"असेल, असेल," कानसेन म्हणाले. मान वर केली नाही.

कानसेन हे काही त्यांचं जन्माचं नाव नव्हे. विशीत ते एका मोठ्या स्टुडिओत वायरी गुंडाळायला लागले. चार वादकांत कुणाची तार केसभर उतरलीय, ते दाराबाहेर उभं राहून सांगायचे. तानसेन होणं नशिबात नव्हतं, म्हणून कानसेन झाले, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे घराच्या मागच्या खोलीत भिंतींना जाड रजया टांगून त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. गिटार आणि बेस, म्हणजे जाड तारांची खर्जातली गिटार, बाकी काही नाही. तारेतून निघणारा आवाज मुळात दुबळा. रेकॉर्ड होण्याआधी तो एका पेटीतून वाढवून घ्यावा लागतो. त्यांच्या पेटीत जुन्या धर्तीची काचेची ट्यूब होती, बोटभर लांब, तापली की निखाऱ्यासारखी लालसर दिसणारी. "हिच्यातून गेला की आवाजाला अंग येतं," ते म्हणायचे, "नाही तर नुसती हाडं वाजतात."

गेल्या दीड वर्षात मात्र त्यांना सगळंच बोथट वाटू लागलं होतं. "ट्यूब थकली," म्हणत त्यांनी एकामागून एक तीन बदलल्या आणि जुन्या खणात टाकल्या. तरी मन भरेना, म्हणून ते आवाजाची धार वाढवत राहिले. पेटीतून एकदा आत गेलेली धार भाजीत पडलेल्या मिठासारखी. मागाहून काढता येत नाही.

आठ दिवसांपूर्वी लंबूने वहिनींना दारातच गाठलं होतं. लंबू म्हणजे कानसेनांचा जुना मित्र, बेस वाजवणारा. चौकटीतून वाकल्याशिवाय आत येत नसे. "वहिनी, याच्याकडची गिटार हल्ली कानात सुईसारखी टोचते. तिघांनी दुसरीकडे जाऊन पुन्हा रेकॉर्ड केलं. मला सांगायचा धीर होत नाही, तुम्ही बोला."

वहिनींनाही झाला नाही. आजवर त्यांनी देवाकडे सगळ्यांचं आरोग्य मागितलं, सद्बुद्धी मागितली. बिघाड कधी मागितला नव्हता. आता आठ दिवस तोच मागत होत्या. देवा, दोष ट्यूबचाच निघू दे.

आज खोका उघडून होतोय तोच लंबू आला. "काय कानसेन, नवी नवरी आली म्हणे?"

"घूंघट तर काढू दे!" कानसेन हसले. त्यांनी खोक्यातली नवी ट्यूब मागच्या खोलीतल्या पेटीत बसवली, ती तापू दिली, मग पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने तिच्यावर हलकेच टकटक केली. ही त्यांची जुनी परीक्षा. चांगली ट्यूब टक म्हणून गप्प होते. खराब ट्यूब स्पीकरमधून बारीक घंटेसारखी वाजत राहते. घंटा वाजली की ट्यूब बाद, हे वहिनींना त्यांनीच शिकवलं होतं.

टक. आणि मागोमाग, टिंऽऽऽ.

"वा! कशी शहाण्यासारखी गप्प बसली बघा!" कानसेन म्हणाले.

लंबूने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी जमिनीकडे. आठ दिवस मागितलेलं पदरात पडलं होतं. ट्यूब खराब होती, आणि तिचा तो बारीक सूर यांना ऐकू येत नव्हता.

वादकांचे चेहरे वाचण्यातच कानसेनांचा जन्म गेलेला. "काय झालं?"

"अहो... वाजतेय ती."

त्यांनी पुन्हा टकटक केली. स्पीकरला कान लावला. मग दुसरा.

"थांबली?"

"अजून वाजतेय."

लंबू काहीतरी विनोद करायला गेला आणि अर्ध्यावरच थांबला. कानसेनांनी खण उघडून तिन्ही जुन्या ट्यूब एकेक करून बसवल्या आणि टकटक केली.

"ही?"

"हीही गप्प आहे."

"म्हणजे या तिन्ही चांगल्या होत्या." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "यंत्र आज कितीदा वाजलं?"

"तीनदा."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"यंत्र ऐकू येईना, त्याला वर्ष झालं असेल."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पेटीचं बटण बंद केलं. ट्यूबमधली लाली हळूहळू काळवंडली, आणि ती पूर्ण जाईपर्यंत ते पाहत राहिले.

"लंबू, दुसरा कान शोध बाबा. हा गेला."

लंबूने पिशवीतून न काढलेला बेस उचलला आणि चौकटीतून वाकून निघून गेला. जाताना नेहमीसारखा चहा मागितला नाही.

कोपऱ्यात मागच्या गल्लीतल्या एका मुलीची गिटार उभी होती. उद्या तिचं पहिलं रेकॉर्डिंग, म्हणून तिने आदल्या दिवशीच आणून ठेवलेली. कानसेनांनी ती पिशवीत घातली, चेन लावली आणि वहिनींच्या हातात दिली.

ओली चादर यंत्रातच राहिली. वहिनींनी चपला घातल्या. मागच्या गल्लीत जाऊन मुलीची गिटार परत द्यायची होती आणि उद्याचं रेकॉर्डिंग होणार नाही, असं सांगायचं होतं.