गोलकीपरची वामकुक्षी

अमेरिकेतल्या एका व्यावसायिक आइस हॉकी संघाच्या गोलकीपरला मी एकदा ऐन मॅचच्या दिवशी श्रीखंड-पुरी खाऊ घालून झोपवलं होतं.

आमचं गाव कोलोराडोच्या डोंगरात आहे. माझी बायको मुग्धा इथल्या छोट्याशा हॉस्पिटलात डॉक्टर, म्हणून आम्ही इथे. मी घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतो (असं मुग्धाला सांगितलेलं आहे). या एवढ्याशा गावाला स्वतःचा हॉकी क्लब आहे! खेळाडूंना पगारही मिळतो, पण इतका बेताचा, की गावातली कुटुंबंच त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतात. आमच्या वाट्याला नोआ आला. मिनेसोटाचा, दारातून वाकून आत येणारा, आणि स्वभावाने अगदी गरीब गाय. मला तो 'काका' म्हणायचा आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या आईला 'आजी'.

त्या दिवशी सीझनची शेवटची मॅच होती. मोठ्या लीगमधल्या एका क्लबचा माणूस खास नोआला बघायला येणार होता. पसंत पडला तर नोआ वरच्या संघात. नाही पडला तर मिनेसोटाला परत, वडिलांच्या टायरच्या दुकानात. आणि नेमका त्याच दिवशी गुढीपाडवा!

आईने नोआच्या जुन्या हॉकी स्टिकला साडी नेसवून अंगणातल्या बर्फात गुढी उभारली. कडुनिंबाच्या जागी पाइनची डहाळी. दुपारी नोआ क्लबच्या नियमाप्रमाणे उकडलेला पास्ता घेऊन टेबलाशी बसला, तर आईने कपाळाला हात लावला.

"सणाच्या दिवशी नुसत्या शेवया खाऊन पोरगं खेळायला जाणार?"

"आई, अगं त्यांचं डाएट असतं."

"असू दे. एक पुरी खाल्ल्याने काही होत नाही."

एक पुरी कुणी कधी खाल्ली आहे का? पास्ता बाजूला झाला. नोआने श्रीखंडाचा पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळेच मिटले. दुसऱ्या वाटीला त्याने दोन्ही हात आडवे धरून "नो, आजी!" म्हटलं. पण समोरून येणारं काहीही अडवणाऱ्या त्या गोलकीपरला आईने एकदाही अडवू दिलं नाही! वाट्या येत गेल्या, वर मसालेभात आणि त्यावर तुपाची धार.

मग नोआ जड आवाजात म्हणाला, "काका, मॅचच्या आधी आम्ही सगळे थोडं झोपतो. मला चारला उठवाल?"

मला इतका आनंद झाला! म्हणजे वामकुक्षी! एवढे दांडगे गडी, दात पडेपर्यंत खेळतात आणि दुपारी आपल्यासारखे डावीकडे वळून झोपतात! "झोप रे निर्धास्त," मी म्हणालो, "हे खातं माझं." मी फोनवर गजर लावला आणि हॉलमध्येच आडव्या झालेल्या नोआला सोबत म्हणून समोरच्या सोफ्यावर जरासा टेकलो.

बाहेर हलका बर्फ पडत होता. खिडकीतून पांढरा, मऊ उजेड येत होता, घरात वेलदोड्याचा वास आणि नोआचा संथ श्वास. डोंगर दिसेनासे झाले, मग अंगण दिसेनासं झालं, मग मीही. स्वप्नात सगळं मैदान केशरी श्रीखंडाचं होतं आणि त्यावरून लोक आवाज न करता घसरत चालले होते. इतकं सुख मला जागेपणी कधी मिळालेलं नाही.

"अरे, काय चाललंय काय हे!"

दारात मुग्धा उभी. मॅचला डॉक्टर म्हणून तिचीच ड्यूटी होती, आणि गोलकीपरचा पत्ता नाही म्हणून ती ड्राइव्ह करत घरी आली होती. "अर्ध्या तासात मॅच आहे! कोच वेडा व्हायचा बाकी राहिलाय! फोन का उचलत नाही कुणी?"

आतून आई डोळे चोळत आली. "मीच दोन्ही फोन दुलईत गुंडाळून कपाटात ठेवले. मेले सारखे वाजत होते. झोपलेल्या माणसाला उठवतं का कुणी?"

नोआला उठवायला आम्ही तिघं लागलो. त्याने डोळे उघडून शांतपणे विचारलं, "आजी, अजून पुरी?" तेव्हा मात्र माझी झोप खाडकन उडाली. या पोराचं आयुष्य मी दह्यात बुडवलं होतं!

कसंबसं त्याला रिंकवर, म्हणजे त्या बर्फाच्या मैदानावर पोचवलं. हॉकीचे तीन भाग असतात. पहिल्याच भागात नोआने तीन गोल खाल्ले (त्या पोटात जागा कुठे होती, कोण जाणे). तिसऱ्या गोलच्या वेळी तर जांभई देत होता. मला बघवेना. मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

डोळे उघडले ते मॅच संपल्याच्या भोंग्याने. लोक नाचत होते. नोआने नंतर एकही गोल होऊ दिला नव्हता, संघ जिंकला होता! आणि माझं डोकं शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर होतं. त्याच्या भारी कोटावर माझी लाळ.

मी ओशाळून सॉरी म्हणालो. तो हसला. "मी पहिल्या भागानंतर उठणारच होतो. घाटात बर्फ वाढतोय. पण तुम्ही इतके गाढ झोपला होतात, की मला हलवेना. बरं झालं. असा गोलकीपर हुकला असता."

नोआ वरच्या संघात गेला. घरी येताना माझी छाती फुगली होती. मी मुग्धाला म्हणालो, "बघितलंस? नोआचं करिअर मी घडवलं. नुसता झोपून!"

"झोपलास हेच नशीब," मुग्धा म्हणाली. "जागा असतास तर त्या माणसाला हॉकी समजावून सांगत बसला असतास, आणि तो पाचव्या मिनिटाला घाट उतरला असता!"