म्हशीच्या जागी तलवारवाला

आमच्या मोबाइल गेममध्ये एक म्हैस पुरातून भीमा पार करते, एवढंच. चुलतभाऊ रांजणगावच्या कंपनीतली शिफ्ट सांभाळून कोडिंग करायचा, मी वडगाव रासाईला घरी बसून चित्रं काढायचे. ॲप स्टोअरवरच्या कव्हरसाठी मी गढूळ पाण्यातून वर आलेलं म्हशीचं तोंड रंगवलं होतं.

गेम आला त्या सकाळी बघते तर तिथं तलवार उगारलेला पिळदार गडी! भावानं कुठल्याशा ॲपकडून तो बनवून घेतला होता. माझं डोकंच फिरलं. तशीच गाडी काढून त्याच्या कंपनीच्या गेटवर गेले.

"दादा, आपल्या गेममध्ये तलवार कुठं हाय?"

"न्हाई गं. पण म्हशीचं चित्र बघून डाउनलोडवर कोण बोट ठेवणार?"

"मग गेममधूनबी म्हैस काढ. आन् माझं नावबी काढ!"

बसमधून उतरणारी माणसं बघत राहिली. बघू देत, म्हटलं.

पुढं गेम घेणाऱ्यांनीच त्याला शिव्या घातल्या, "लढाई कुठंय? फसवलंत." तेव्हा त्यानं गुपचूप माझी म्हैस परत लावली. माझ्या शब्दाखातर लावली असती, तर मी विसरलेही असते. अनोळखी माणसांच्या शिव्या त्याला पटल्या, याचाच राग अजून जात नाही.