काहिलीतला बाप्तिस्मा

शहाद्याची एस.टी. कळसाडीच्या फाट्यावर थांबली, तेव्हा मायचे केस अजून ओले होते आणि त्यांना गुळाचा मंद वास येत होता. मी पुण्याला शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी निघाले होते. ट्रंक टपावर चढली, कंडक्टरने घंटी ओढली. पण निरोपाच्या वेळी रडायचे असते, हेच आम्ही दोघी विसरलो होतो. आम्ही हसत होतो. गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या सुरत-पुण्याकडे गेलेल्यांनो, त्या हसण्याचे कारण क्रमाने सांगते.

आपल्या ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्मा नदीत होई, पावसाळा ओसरल्यावर, छातीभर पाण्यात. पाळकसाहेब त्याचा अर्थ सोपा करून सांगत: पाण्याखाली जाणे म्हणजे जुने जीवन पुरणे, वर येणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर उठणे. मायचा विश्वास पक्का होता, भीती पाण्याची होती. लहानपणी ती पुरात वाहून जाता जाता वाचली होती. म्हणून दरवर्षी ती नदीवर येई, इतरांचे कोरडे कपडे छातीशी धरून उभी राही आणि तशीच परते. त्या उन्हाळ्यात माझे जाणे ठरले, तेव्हा मात्र तिने हट्ट धरला, "तू जावाना पहिले मन्हा बाप्तिस्मा व्हवाले पाह्यजे."

नदीत तर नुसती वाळू. पिण्याचे पाणीसुद्धा आम्ही वाळूत झिरा खणून वाटीवाटीने भरत होतो.

उपाय तिनेच काढला. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवण्याची लोखंडी काहील उन्हाळाभर पालथी पडलेली असे. माणूस आत आडवा मावेल, एवढी मोठी. गुऱ्हाळाचा मळा एका गुजर शेतकऱ्याचा. त्यांना सगळे बापू म्हणत. बापूंनी काहील मागणाऱ्या मायकडे क्षणभर पाहिले आणि विहिरीवरचे इंजिन सुरू करायला सांगितले.

मी निघायच्या दिवशी सकाळी सारी मंडळी मळ्यात जमली. बापू म्हणाले, "बहीन, तू आठे बसशी, मंग पुढला साल मन्हा गूळ गोड ऱ्हाई ना?"

"आजून गोड व्हई, बापू. मन्हा समदा कडूपना धुवाई जाई."

"म्हंजे तो मन्ही काहीलमाच ऱ्हाई!"

पाळकसाहेबही खळखळून हसले. माय पाण्यात बसली आणि हसू थांबले. तिच्या हातांनी काहिलीची कड इतकी घट्ट धरली होती, की बोटे पांढरी पडली. पाणी जेमतेम मांडीभर. पण भीतीला खोली मोजता येत नाही. पाळकसाहेब हलकेच म्हणाले, "कड सोडा, बाई."

"जराखं थांबा."

आम्ही थांबलो. कोणी गाणे म्हटले नाही, कोणी घाई केली नाही. मग तिने एक हात सोडला, मग दुसरा, आणि पाळकसाहेबांच्या आधाराने ती स्वतःच मागे झुकली. वर आली ती धापा टाकत, ओरडतच, "व्हई गयं! पोरी, व्हई गयं!" बापूंनी पागोटे हवेत उडवले. पाणी पवित्र झाले म्हणून ते जपायचे का, असे कोणी विचारले. पाळकसाहेब म्हणाले, पाणी पाणीच असते. पवित्र करणारा देव. ते पाणी बापूंनी केळींना सोडले.

पुण्याच्या चर्चमध्ये संगमरवरी पात्र होते; पाळक तीन बोटे भिजवून कपाळावर पाणी शिंपडत. हॉस्टेलच्या मुली माझी काहील ऐकून हसल्या. मी त्यांना समजावले: अर्थ पाण्याच्या मापात नसतो, ज्याच्यावर विसंबून आपण आधार सोडतो, त्याच्यात असतो. पुढे नोकरी लागली, क्वार्टर मिळाले, दारात नळ आला. रोज सकाळी तो उघडताना मी थोडे थांबून आभार मानते. ही सवय मी वर्गातल्या मुलींनाही लावली.

पण त्याआधी, पुण्याहून पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत गावी आले, तेव्हा नदी पुन्हा वाहत होती. पलीकडच्या वस्तीवर एक बाळंतीण तापाने पडली होती आणि मायला तिच्यासाठी प्रार्थना करायला जायचे होते. लांबच्या पुलावरून जाऊ, असे मी म्हणेपर्यंत मायने लुगडे खोचले आणि ती पाण्यात शिरली. मधोमध उभी राहून तिने मला हाक मारली, "येस का नही, मास्तरीन? कंबरलगुनच शे!"

माझे गाव कुठले, असे आज कोणी विचारले, की मी कळसाडी सांगते. पण कानात असतो तो वाहत्या पाण्याच्या मधून येणारा, मला चिडवणारा तो आवाज. त्या दिवशी मी चपला हातात घेतल्या आणि तिच्या मागे उतरले.